आठवण करून देणारं माणूस

एचआयव्हीचं औषध (एआरटी) देणाऱ्या एआरटी सेंटरच्या कामात ‘एलएफयू’ नावाची एक यादी असते. औषध सुरू झालं, पण ठरल्या तारखेला माणूस आला नाही, फोनही लागत नाही, की त्याचं नाव या यादीत जातं. मग आमच्यासारखे फील्डवर काम करणारे त्याला शोधत निघतात. सांगली जिल्ह्यात तासगावपासून जतपर्यंत मी ही यादी घेऊन बरीच वर्षं फिरते आहे. नावापुढं गैरहजेरीचं कारण लिहायचं असतं. ‘स्थलांतर’, ‘दारू’, ‘औषधास नकार’ अशी कारणं तिथं भरलेली असतात. घरी जाऊन, चहा होईपर्यंत थांबून बोललं की हल्ली वेगळंच कारण समोर येतं. त्या माणसाला औषध हवं असतं. पण तारीख लक्षात राहत नाही, आजची गोळी घेतली की नाही हे सांगता येत नाही, आणि हे कुणाजवळ बोलायची सोय नसते.

मी स्वतः एचआयव्हीसह जगते. नवरा ट्रकवर होता. मोफत औषधं आमच्यापर्यंत पोचायच्या आधीच तो गेला. १ एप्रिल २००४ रोजी देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी सुरू झाली, त्यात मुंबईचं जे. जे. होतं. पुढं ती जिल्ह्याजिल्ह्यांत आली आणि माझ्यासारख्या कितीतरी बायका वाचल्या. त्या वेळी तिशी-पस्तिशीत असलेली आम्ही माणसं आज पन्नाशी-साठीत आहोत. देशात एचआयव्हीसह जगणारे सुमारे २५ लाख लोक आहेत आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा आहे. औषधानं जगवलेली ही पिढी आता म्हातारपणाकडे निघाली आहे. तिला गोळीच्या जोडीला आठवण करून देणारं माणूस लागणार आहे, आणि ते माणूस मिळवून देणं हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. माझं सगळं म्हणणं एवढ्यावर उभं आहे.

आमच्या यादीतले एक जुने ट्रकड्रायव्हर होते. आंध्रापासून गुजरातपर्यंतचे रस्ते त्यांना पाठ. बायको वारलेली, मुलगा नाही, पुतण्याच्या घरात एका खोलीत राहायचे. दोनदा चुकीच्या दिवशी सेंटरला आले, एकदा गावी परतताना भलत्याच फाट्यावर उतरले. सेंटरमध्ये त्यांना चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं, “तुम्हालाच जगायचं नाही तर आम्ही काय करणार?” त्यानंतर ते यायचेच बंद झाले. मी घरी गेले तेव्हा ट्रंकेत गोळ्यांच्या न उघडलेल्या बाटल्या निघाल्या. त्यांनी मला नावानं ओळखलं, माझ्या नवऱ्याच्या गाडीचा नंबर सांगितला. पण सकाळपासून काय काय केलं, हे क्रमानं सांगताना त्यांची गाडी अडत होती. बोलणं संथ झालं होतं. चहाचा कप उचलताना हात थबकत होता. पुतण्या म्हणाला, “काका हल्ली आळशी झालेत.” काकांना नेमकं काय आहे, हे पुतण्याला माहीत नव्हतं.

दुसऱ्या एक मावशी. द्राक्षबागेत विरळणीला जाणाऱ्या, हिशेबाला पक्क्या. बागेच्या हंगामात टोळीतल्या पंधरा-वीस बायकांची हजेरी त्यांना तोंडपाठ असायची. गेल्या काही वर्षांत मजुरी वाटताना त्यांची चूक व्हायला लागली, बायकांची कुरकुर सुरू झाली आणि त्यांनी टोळी सोडली. त्यांच्या बाटलीवरचं लेबल त्यांनी सुरुवातीपासून खरवडून काढलेलं असायचं. पुढं गोळ्या कॅल्शियमच्या डब्यात ओतून ठेवायला लागल्या. त्या डब्यात खऱ्या कॅल्शियमच्या गोळ्याही होत्या. काय घेतलं आणि काय राहिलं, हे त्यांना रोज नव्यानं ओळखावं लागत होतं.

हे असं का होतं, याची माहिती साध्या भाषेत लोकांपर्यंत गेली पाहिजे. एचआयव्हीचा विषाणू शरीरात शिरल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच मेंदूपर्यंत पोचू शकतो. तो मेंदूच्या मुख्य चेतापेशींना थेट लागण करत नाही. मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशींमध्ये जाऊन बसतो. त्यांच्यामुळे होणारी सूज धुमसत राहते, आणि रक्तातला विषाणू औषधानं सापडेनासा झाला तरी ती काही जणांत पूर्ण थांबत नाही. औषध सुरू होण्याआधी ज्यांच्या रोगाशी लढणाऱ्या सीडी-४ पेशी फार खाली गेल्या होत्या, त्यांना हा धोका जास्त असतो. आमच्या पिढीतले बहुतेक जण तसेच, शेवटच्या घटकेला औषधावर आलेले आहेत.

या त्रासाचं रूप लोकांना ठाऊक असलेल्या स्मृतिभ्रंशापेक्षा वेगळं असतं. माणूस लेकराबाळांना विसरत नाही. विचाराचा वेग कमी होतो, दोन कामं एका वेळी जमत नाहीत, लक्ष टिकत नाही, ठरवलेलं काम वेळेवर आठवत नाही. म्हणून घरच्यांना ते दुखणं वाटतच नाही. आळस, हट्ट, दारू, नाहीतर वय अशी नावं त्याला मिळतात.

यात घाबरवण्यासारखं किती आणि नाही किती, तेही सांगते. अमेरिकेत ‘चार्टर’ नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात १,५५५ जण होते आणि त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. गंभीर स्मृतिभ्रंश त्यात साधारण २ टक्के लोकांत आढळला, तर रोजच्या कामात थोडी अडचण येईल इतपत त्रास १२ टक्क्यांच्या आसपास लोकांत. आणखी सुमारे ३३ टक्के लोक फक्त चाचणीत मागे पडले होते, त्यांचं रोजचं जगणं नीट चाललं होतं. चाचणीत गुण कमी पडले एवढ्यावरून मेंदूला इजा झाली असं म्हणू नये, असं २०२३ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानंही मांडलं. तेव्हा एचआयव्ही झाला म्हणजे डोकं गेलं, असा अर्थ कुणी काढू नये. मी स्वतः आजही महिन्याचा अहवाल हातानं लिहिते. पण शंभरातल्या ज्या बाराजणांच्या हातून तारीख आणि गोळी निसटते, त्यांच्यासाठी ती अडचण जिवाशी येते. गोळी चुकली की विषाणू वाढतो, तो वाढला की मेंदूवरचा भार वाढतो, आणि त्यातून गोळी आणखी चुकते.

हे चक्र इतर आजारांत घरची माणसं तोडतात. मधुमेहाच्या आजोबांना नात विचारते, “गोळी घेतली का?” भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाच्या खुणा असतात, गॅस सिलिंडरची तारीख असते, डॉक्टरकडे जायचा दिवस गोल करून ठेवलेला असतो. आमच्या लोकांना यातलं काहीच वापरता येत नाही. कालनिर्णयवर सेंटरची तारीख लिहिली तर कुणी विचारेल. मोबाइलचा गजर रोज ठरल्या वेळी वाजला तर कुणी विचारेल. बाटलीवरचं लेबल काढावं लागतं, सेंटरचं हिरवं पुस्तक धान्याच्या कोठीत लपवावं लागतं, सेंटरला जायच्या दिवशी बाजारचं निमित्त सांगावं लागतं, आणि मागच्या वेळी कोणतं निमित्त सांगितलं होतं हेही ध्यानात ठेवावं लागतं. गुपित सांभाळायला तल्लख स्मरणशक्ती लागते. ती उणी पडायला लागली की गुपित आणि औषध दोन्ही एकदम हातातून जातात.

म्हणून कुणी म्हणेल, गुपित ठेवताच कशाला? असं म्हणणाऱ्यांनी आमची ती वर्षं पाहिलेली नाहीत. नवऱ्याच्या तेराव्याच्या आत सासरहून बाहेर काढलेल्या बायका मी पाहिल्यात. पाण्याचा तांब्या वेगळा झाला, अंगणवाडीत लेकराला बाजूला बसवलं, सातबाऱ्यावरून नाव काढायला कागदावर अंगठे घेतले. गुपित हे आमच्यासाठी घराचं छप्पर होतं, आणि पुष्कळांसाठी आजही आहे. ‘एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा, २०१७’ सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करायची नाही, असं तो बजावतो. ही तरतूद लढून मिळालेली आहे आणि तिला धक्का लागता कामा नये. माझी मागणी त्या कायद्याच्या आतच बसणारी आहे: माणसाचं डोकं चांगलं चालत असतानाच त्यानं स्वतःच्या मर्जीनं एक माणूस निवडावं, आणि त्या निवडीला सेंटरनं मान द्यावा.

एकच माणूस का पुरतं, याचं उत्तर एका चाचणीत सापडतं. ‘इंटरनॅशनल एचआयव्ही डिमेन्शिया स्केल’ ही साधी तपासणी २००५ साली पुढं आली. तिला कागद-पेन्सिल लागत नाही आणि अक्षरओळखही लागत नाही. बोटांची चिमूट भराभर करायची, मग मूठ, पालथा तळवा, आडवा हात अशा तीन हालचाली क्रमानं करायच्या, आणि सुरुवातीला ऐकलेले चार शब्द शेवटी आठवून सांगायचे. एकूण गुण १२. १० किंवा त्याहून कमी आले तर पुढची तपासणी करायची. यात एक नियम फार शहाणपणाचा आहे. ‘कुत्रा’ हा शब्द आठवला नाही तर तपासणारा हळूच सुचवतो, “एक प्राणी होता.” तेवढ्यावर आठवलं तर अर्धा गुण मिळतो. म्हणजे आठवण पुसलेली नसते, ती वर यायला खूण लागते. आमच्या बहुतेक लोकांचं नेमकं असंच आहे. खूण देणारं कुणी असेल तर त्यांचा दिवस नीट पार पडतो.

त्या ड्रायव्हरदादांनी आपला जुना क्लीनर निवडला. पूर्वी त्यांच्या गाडीवर होता, आता स्वतः गाडी चालवतो. त्यांना अजून ‘वस्ताद’ म्हणतो. सेंटरमधल्या समुपदेशकांसमोर, दादांनी स्वतःच्या तोंडानं त्याला सगळं सांगितलं. तो रात्री कुठंही असला तरी जेवणाच्या सुमाराला फोन करतो, “वस्ताद, जेवलात का?” दादांना त्याचा अर्थ कळतो आणि शेजारी बसलेल्या पुतण्याला त्यात काही वावगं वाटत नाही. पूर्वीच्या गोळीनं चक्कर यायची, म्हणून ती झोपताना घ्यायची सवय लागली होती. आता नवी गोळी आली तरी दादांची वेळ आम्ही मुद्दाम बदलली नाही. जुन्या सवयीला धरून राहिलं की मेंदूवर ताण कमी पडतो. त्यांचा पुढच्या वेळचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) खाली आला.

मावशींचं निवडणं अवघड गेलं. सुनेचं नाव त्यांनी ठाम नाकारलं. शेवटी आमच्या पॉझिटिव्ह लोकांच्या नेटवर्कमधलीच एक बाई त्यांनी मागितली. ती दर आठवड्याला जाते आणि सात खणांच्या डबीत गोळ्या भरून देते. बुधवारचा खण रिकामा दिसला की बुधवारची गोळी झाली, यात आठवायचं काही उरत नाही. कॅल्शियमचा डबा वेगळा झाला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या तेव्हा मावशींचं बी-१२ फार कमी निघालं, त्यावर इंजेक्शनं सुरू झाली आणि पुष्कळ फरक पडला.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. विसरण्याचं प्रत्येक कारण एचआयव्हीच असतं असं नाही. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, दारू, झोप न लागणं, मेंदूपर्यंत गेलेला सिफिलिस, यांवर उपचार आहेत. आणि डोकेदुखी, ताप, उलट्या, एकाएकी आलेला गोंधळ अशी लक्षणं असतील तर मेंदूचा टीबी, क्रिप्टोकॉकल मेंदूज्वर किंवा टोक्सोप्लाझ्मोसिस असू शकतो; तिथं एक दिवसाचीही दिरंगाई करू नये. पण हे सगळं कळायला आधी कुणीतरी विचारायला हवं.

सेंटरमध्ये विचारायला वेळ नसतो, हे मी रोज बघते. रांग मोठी, माणसं कमी. कोविडनंतर बऱ्याच जणांना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू लागल्या. मजुरी बुडत नाही, एसटीचं भाडं वाचतं, त्यामुळे ही सोय चांगलीच आहे आणि ती राहावी. पण पूर्वी दर महिन्याला उरलेल्या गोळ्या मोजल्या जायच्या, तेव्हा गडबड लवकर ध्यानात यायची. आता मधे तीन महिने जातात आणि व्हायरल लोड वर्षातून एकदा होतो. गाठीभेटी कमी झाल्या तेवढी विचारपूस वाढायला हवी होती, ती वाढली नाही.

म्हणून सरकारकडे आणि एड्स नियंत्रणाच्या यंत्रणेकडे माझ्या काही मागण्या आहेत. पहिली, वर्षातून एकदा प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत: वारंवार विसरायला होतं का, विचार करायला आणि कामं आखायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो का, लक्ष टिकत नाही का. युरोपातल्या उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये असे प्रश्न आहेत. ‘होय’ आलं तर वर सांगितलेली चाचणी करावी. तिला काही मिनिटं पुरतात आणि ती समुपदेशकाला शिकवता येते.

दुसरी मागणी निवडलेल्या माणसाच्या, म्हणजे सोबत्याच्या नोंदीची. प्रत्येकाच्या सेंटरमधल्या कार्डावर काळजी घेणाऱ्याचं नाव लिहायला जागा असते. अनेकांच्या कार्डावर तिथं अजून मेलेल्या नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव आहे, कारण औषध सुरू झालं त्या दिवसानंतर कुणी ते विचारलेलंच नाही. ते नाव दर वर्षी विचारावं आणि बदलायची मुभा असावी. याला कायद्यातही धागा आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात प्रत्येक सज्ञान माणसाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, तोही साध्या कागदावर सही किंवा अंगठा देऊन. तोच साधेपणा एआरटी सेंटरमध्ये आणावा. मात्र सोबत्याचा अधिकार गोळी, तारीख आणि दवाखान्यापुरता असावा. पैसा, जमीन, सही यांचा त्याच्याशी काही संबंध नसावा, आणि हे त्या कागदावर लिहिलेलं असावं. मंदावलेल्या माणसाचा अंगठा कुणाला किती उपयोगी पडतो, हे खेड्यात राहणाऱ्यांना सांगावं लागत नाही.

तिसरी मागणी आमच्यासारख्या कार्यकर्त्यांबद्दल आहे. पॉझिटिव्ह लोकांच्या नेटवर्कनं आणि बायकांच्या संघटनांनी या जिल्ह्यात कित्येक वर्षं एकमेकांना धरून ठेवलं आहे. सावरायला, बोलायला, सरकारी कचेरीत सोबत जायला आमचीच माणसं जातात. पण प्रकल्प आला की मानधन येतं आणि तो संपला की थांबतं. ज्याला दर आठवड्याला तोच चेहरा दिसणं गरजेचं आहे, त्याला दर दोन वर्षांनी नवा कार्यकर्ता देऊन चालत नाही. या कामाला कायमचं मानधन आणि प्रशिक्षण हवं. लंडनमध्ये एचआयव्हीमुळे मेंदूला त्रास झालेल्यांसाठी माइल्डमे नावाचं रुग्णालय खास पुनर्वसनाचं काम करतं. आपल्याकडे निदान मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आठवड्यातून एक दिवस अशी ओपीडी सुरू करायला नवी इमारत लागत नाही.

चौथी, कागदपत्रांची. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्हीबाधितांना स्थान आहे, पण हयातीचा दाखला वेळेवर द्यावा लागतो. ज्याला तारीख आठवत नाही त्याचं अनुदान तारीख चुकल्यामुळेच थांबतं, आणि ते परत सुरू करायला तहसीलच्या चकरा त्यालाच माराव्या लागतात. सोबत्याला दाखल्यासाठी मदत करता यावी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. एचआयव्ही त्यांत वेगळा प्रकार म्हणून नाही. पण दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या आजारांचा प्रकार त्यात आहे. ज्यांचं रोजचं काम खरोखर अडलं आहे, त्यांची तपासणी या प्रकाराखाली व्हावी, असे स्पष्ट आदेश निघायला हवेत.

उरलेली गोष्ट कोणत्याही आदेशानं होणार नाही, ती वाचणाऱ्यांच्या हातात आहे. तुमच्या घरात, शेजारी, कामावर अशी कुणी व्यक्ती असेल आणि तिनं तुम्हाला विश्वासानं सांगितलं, तर ऐकून घ्या. एकत्र जेवल्यानं, एका कपातून चहा प्यायल्यानं, अंथरूण-पांघरुणानं एचआयव्ही होत नाही. औषध नियमित चालू असेल आणि व्हायरल लोड सापडण्याच्या खाली राहिला असेल, तर शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराकडे जात नाही, हे आता जगभर सिद्ध झालेलं आहे. त्या माणसाशी एका वेळी एकच गोष्ट बोला. उत्तराला वेळ द्या, वाक्य तुम्ही पुरं करू नका. वस्तूंच्या जागा बदलू नका. ‘किती वेळा सांगायचं’ हे शब्द तोंडात आले तर गिळा. आणि जे कळलं ते स्वतःजवळ ठेवा. कुणाला स्वतःसाठी मदत हवी असेल तर एआरटी सेंटरचा पत्ता आणि १०९७ हा मोफत हेल्पलाइन नंबर सांगा.

मी माझ्या भाचीला निवडलं आहे. मला अजून तशी गरज नाही, पण गरज पडल्यावर निवडायला माझं डोकं साथ देईल की नाही, हे कुणी सांगावं? म्हणून आजच, शहाणपणानं आणि राजीखुशीनं तिचं नाव दिलं. माझ्या बरोबरीच्या सगळ्या पॉझिटिव्ह बहिणी-भावांना मी हेच सांगते: डोकं जागेवर आहे तोवर आपलं माणूस ठरवा. सरकारनं वीसहून जास्त वर्षं गोळी मोफत दिली, ती आमच्या लढ्यामुळे आणि लोकांच्या करातून. ती गोळी ट्रंकेत पडून राहिली तर तो खर्चही वाया आणि जीवही वाया. एक ओळखीचा आवाज, एक सात खणांची डबी आणि कार्डावरचं एक खरं नाव एवढ्यानं ते टळतं. एड्स नियंत्रणाच्या यंदाच्या आराखड्यात एवढं तरी बसवा.